वार पुढे की मागे, यावरून मुलगा-मुलगी ठरत नाही

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘प्लॅसेंटा: अँटेरिअर’ (म्हणजे बाळाला पोषण पोहोचवणारी वार गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला) एवढे दोन शब्द दिसले, की वार पुढे म्हणजे अमुक आणि मागे म्हणजे तमुक, असे घरात कोणीतरी सांगू लागते. हा समज निराधार आहे. बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच पित्याकडून आलेल्या गुणसूत्राने ठरते, तर गर्भ गर्भाशयाला चिकटतो तो त्यानंतर साधारण आठवडाभराने, आणि जिथे तो रुजतो तिथेच वार तयार होते. या अहवालावरून मुलगी असल्याची शंका घेऊन एखाद्या सुनेला बोल लावले जातात, हे फार क्लेशदायक आहे. गर्भलिंगनिदानाला 1994 च्या कायद्याने बंदी आहे, ती याच वृत्तीमुळे.

वार पुढच्या बाजूला असेल, तर ती मध्ये उशीसारखी येते आणि बाळाची हालचाल थोडी उशिरा किंवा मंद जाणवते. मात्र रोज जाणवणारी हालचाल कमी झाली, तर ‘वार पुढे आहे’ म्हणून थांबू नये, लगेच दवाखान्यात जावे.

खरे महत्त्व वार किती खाली आहे, याला आहे. विसाव्या आठवड्यात खाली दिसलेली वार गर्भाशय वाढत जाते तशी बहुतेक वेळा गर्भाशयमुखापासून दूर सरकते, म्हणून बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तपासणी करतात. तेव्हाही ती मुखावरच असेल, तर सिझेरियन करावे लागते. आधीचे सिझेरियन असेल, तर जुन्या व्रणात वार रुतली आहे का, हेही पाहावे लागते. वेदना नसतानाही रक्तस्राव झाला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.