सुगम्यता माहिती : मनोरंजन उद्याने

व्हीलचेअर, कुबड्या, वॉकर, कृत्रिम पाय किंवा तीनचाकी सायकल वापरणाऱ्यांना उद्यानात कुठवर जाता येईल, कोणत्या पाळण्यात बसता येईल, हे घरून निघण्यापूर्वी कळावे म्हणून दिली-घेतली जाणारी माहिती. ‘दिव्यांगांसाठी सोय आहे’ हे वाक्य या व्याख्येत बसत नाही. त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील मराठी कुटुंबांसाठी ही गरज अंतरामुळे वाढते. बेंगळूरजवळचे बिडदीचे वंडरला एका टोकाला, खोपोलीजवळचे इमॅजिका दुसऱ्या. रात्रभर गाडीत बसून पोचल्यावर पाळण्यापुढे पंधरा पायऱ्या दिसल्या, तर तिकिटासकट दिवस फुकट जातो. जवळचा पर्याय यात्रेतला आकाशपाळणा. तिथे चौघे उचलून बसवायला तयार असतात. ही माया खरी, पण उतरवायला तेच चौघे असतील याची खात्री नसते.

उपयोगी माहिती मापांत सांगितलेली असते. केंद्राच्या मानकांनुसार रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे १ फूट चढायला किमान १२ फूट लांबी हवी. दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी असावी. टेप धरून काढलेला एक फोटो इथे दहा विशेषणांना भारी पडतो.

पाळण्यांबाबत मुख्य प्रश्न खुर्ची बदलण्याचा. काहींत व्हीलचेअरसकट चढता येते. बहुतेकांत खुर्चीतून सरकून आसनावर बसावे लागते आणि अनेक उद्यानांत कर्मचारी उचलून बसवत नाहीत. म्हणून आसनाची उंची आणि सोबतच्या माणसाला आत सोडतात का, हे विचारून घ्यावे. कृत्रिम पाय घालून पाण्याच्या घसरगुंडीवर अनेक ठिकाणी जाऊ देत नाहीत. नकाराचे एक कारण क्वचितच नीट सांगितले जाते : पाळणा मध्येच बंद पडला तर उंचावरून पायऱ्यांनी उतरावे लागते. अमेरिकेत सॅन अँटोनियो येथे २०१० मध्ये सुरू झालेल्या मॉर्गन्स वंडरलँडमध्ये पाळण्यांची रचनाच व्हीलचेअर धरून केली आहे. तिथल्या जलउद्यानात हवेच्या दाबावर चालणाऱ्या, भिजल्या तरी न बिघडणाऱ्या खुर्च्या मिळतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाजगी सेवादात्यांनाही सुगम्यतेचे नियम लावतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे केंद्रीय ओळखपत्र, देशभर ग्राह्य असल्याने कर्नाटकात काढलेले कार्ड महाराष्ट्रातही चालते; तिकिटात सवलत मिळेल की नाही, हे मात्र उद्यानागणिक वेगळे.

सीमाभागात अशी माहिती बहुधा तोंडी फिरते, ‘अमक्याचा मुलगा जाऊन आलाय, त्याला फोन करा’ अशी. फोनवर पहिला प्रश्न शौचालयाचा असतो, पाळण्याचा नंतर. माहिती कधीची, हेही विचारावे लागते : उन्हाळ्यात चांगला वाटलेला रॅम्प पावसाळ्यात शेवाळाने निसरडा होतो, आणि खानापूरकडच्या माणसाला शेवाळ म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही.