घरगुती व्यायाम साहित्य : निवड आणि निगा

घरात व्यायाम करायला आणलेली यंत्रं आणि वस्तू, म्हणजे ट्रेडमिल, सायकल, डंबेल्स, रॉड-प्लेट्स, रबरी बँड, मॅट, दाराला लावायचा पुल-अप बार हे सगळं यात येतं, आणि तालमीतला लाकडी मुद्गलही यातच धरायला हवा. काय घ्यावं याबद्दल भरपूर बोललं जातं, पण घेतल्यावर सांभाळायचं कसं याबद्दल दुकानात दोन वाक्यं सांगतात आणि पुस्तिका खोक्यातच राहून जाते. खरं तर निवड आणि निगा वेगळ्या काढताच येत नाहीत. जे साहित्य आपल्या घरात, आपल्या हवेत, आपल्या विजेवर नीट राखता येईल तेच घ्यावं, बाकीचं कितीही भारी असलं तरी सोडून द्यावं.

महाराष्ट्रात घरी व्यायाम करणं काही नवीन नाही. जोर-बैठकांना काहीच लागत नाही, सूर्यनमस्काराला एक सतरंजी पुरते, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा केवढा प्रसार केला ते आपल्याकडे सगळ्यांना माहितीये. यंत्रं मागून आली. ट्रेडमिलचं मूळ शोधत गेलं तर १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंग्रज इंजिनिअरने तुरुंगातल्या कैद्यांसाठी काढलेल्या पायचक्कीपर्यंत जावं लागतं, पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी हृदय तपासायची चालण्याची चाचणी पक्की केली (आजही स्ट्रेस टेस्टमध्ये ‘ब्रूस प्रोटोकॉल’ हेच नाव चालतं), आणि त्याच दशकाच्या शेवटी विल्यम स्टॉब यांनी घरात ठेवता येईल अशी ट्रेडमिल बनवली. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांमधून या सगळ्याला मोठा रेटा मिळाला तो २०२० मध्ये. मार्चमध्ये जिम बंद झाल्या त्या राज्यात दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या, आणि मधल्या सात महिन्यांत लोकांनी मिळेल ते घेतलं. त्यातलं बरंच आज गॅलरीत गंजतंय, ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण थोडी काळजी घेतली असती तर त्यातलं निम्मंअधिक सामान अजून छान चाललं असतं.

घेण्याआधी

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी आहे की मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा आणि किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. यातलं चालणं-पळणं बाहेर फुकट होतं, ताकदीचा भाग मात्र राहून जातो, म्हणून पहिली खरेदी ट्रेडमिलची न करता डंबेल्सची एक जोडी, दोन-तीन बँड आणि मॅट अशी करावी. यात मोटर नाही, वायर नाही, बिघडायला फारसं काही नाही.

जागा मोजताना लोक लांबी-रुंदी मोजतात आणि उंची विसरतात. फ्लॅटमध्ये डोक्यावर पंखा असतो. ट्रेडमिलचा पट्टा जमिनीपासून साधारण १५ ते २० सेंटीमीटर वर असतो, त्यात उंच माणूस धावायला लागला की डोकं अजून वर जातं, आणि डंबेल डोक्यावर उचलताना किंवा दोरीवरच्या उड्या मारताना तर पंख्याच्या खाली उभं राहायचंच नाही. वजनाचंही बघायला लागतं. घराच्या स्लॅबचं डिझाइन करताना भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरतात, त्यामुळे नीट बांधलेल्या फ्लॅटमध्ये एखाद्या घरगुती ट्रेडमिलने काही होत नाही, पण ढीगभर प्लेट्स एकाच कोपऱ्यात रचून ठेवू नयेत, आणि जुन्या वाड्यातल्या लाकडी माळ्यावर जड यंत्र चढवायच्या आधी इंजिनिअरला विचारावं. खालच्या मजल्यावरच्यांना होणारा त्रासही खरा असतो. जाड रबरी मॅट खाली घातली की आवाज बराच कमी होतो, फरशीही वाचते, तरी पहाटे ५ ला धावू नये.

दाराचा पुल-अप बार घेताना एक गोष्ट फोटोत कळत नाही. नुसता अडकवायचा जो बार असतो तो चौकटीवरच्या बाहेर आलेल्या लाकडी पट्टीवर टेकतो, परदेशी घरांत अशी पट्टी असते, आपल्याकडे बऱ्याच घरांत चौकट आणि प्लास्टर एका पातळीत असतं त्यामुळे बारला धरायला काही मिळतच नाही. अशा घरात भिंतीला अँकर फास्टनर (भिंतीच्या भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) मारून बसवलेला बार घ्यावा, तोही विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत. जिप्समच्या पार्टिशनला नको.

डंबेल्समध्ये रबर चढवलेले षटकोनी ओतीव लोखंडाचे सगळ्यात टिकाऊ, गोल घरंगळतात तसे हे घरंगळत नाहीत. स्वस्तातल्या पीव्हीसीच्या प्लेट्समध्ये आत सिमेंट किंवा वाळूचं मिश्रण असतं, दोन-चारदा आपटल्या की शिवण उकलते आणि भुगा सांडायला लागतो. रॉड-प्लेट घेताना भोकाचं माप आधी विचारा. ऑलिम्पिक रॉडची टोकं ५० मिलिमीटरची असतात, पुरुषांच्या पूर्ण रॉडचं वजन २० किलो, आणि आपल्याकडे घरगुती सेटमध्ये जो साधा रॉड मिळतो तो याच्या जवळपास निम्म्या जाडीचा, त्यामुळे पुढे कुणाकडून जुन्या प्लेट्स मिळाल्या तरी बसत नाहीत. साध्या प्लेट्स क्रीडासाहित्याच्या दुकानात किलोच्या भावाने मिळतात, वजनकाट्यावर टाकून घ्याव्यात.

ट्रेडमिल

सगळ्यात महाग वस्तू हीच आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष हिच्याकडेच होतं, म्हणून थोडं सविस्तर.

जाहिरातीत ४ एचपी, ५ एचपी लिहिलेलं असतं तो बहुतेक वेळा पीक आकडा असतो, म्हणजे मोटर क्षणभर जो जोर देऊ शकते तो. आपल्याला कंटिन्युअस एचपी विचारायचं असतं. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, आणि घरातल्या साध्या सॉकेटमधून ५ एचपी सतत ओढणं शक्यच नाही हे गणित स्वतः करून बघता येतं. नुसतं चालायचं असेल तर लहान मोटर चालते, धावायचं असेल आणि घरात ८०-९० किलोचं माणूस असेल तर कंटिन्युअस २ एचपी किंवा वर बघावं, पट्ट्याची लांबी-रुंदीही मोठी घ्यावी. सॉकेट १६ अँपिअरचं, स्वतंत्र आणि अर्थिंग असलेलं हवं. एक्स्टेंशन बोर्डवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर ट्रेडमिल चालवू नये. गावाकडे व्होल्टेज वरखाली होत असेल तर योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर लावावा, कारण मोटर चालवणारं कंट्रोलर कार्ड जळालं की खर्च मोठा येतो.

आता तेल. पट्ट्याच्या खाली एक गुळगुळीत फळी असते आणि पट्टा तिच्यावर घासत फिरतो, मधे सिलिकॉन ऑइलचा पातळ थर लागतो. तो संपला की घर्षण वाढतं, मोटर जास्त करंट ओढते, कार्ड तापतं आणि एक दिवस मशीन मधेच बंद पडते, तेव्हा लोक म्हणतात मोटर गेली, आणि मूळ कारण असतं तेल. तपासायचं कसं तर प्लग काढून पट्ट्याची कड मधोमध उचला, हात आत घालून फळीवर बोट फिरवा. बोटाला तेलकट ओशटपणा लागला तर ठीक आहे. कोरडं लागलं, काळी भुकटी बोटाला आली, तर आधी कोरड्या सुती फडक्याने ती भुकटी पुसून काढा, मग दोन्ही बाजूंनी नळी जितकी आत जाईल तितकी घालून मधल्या भागात नागमोडी तेल सोडा, जिथे पाय पडतात तिथे. साधारण २० ते ३० मिली एका वेळेला पुरतं. नंतर ताशी ४ किलोमीटरच्या स्पीडला पाचेक मिनिटं चाला म्हणजे तेल सगळीकडे पसरतं. रोज वापर असेल तर दर २-३ महिन्यांनी हे करावं, नाहीतर पुस्तिकेत असेल तसं. काही मशीनच्या फळीला कारखान्यातच मेण लावलेलं असतं, तिथे तेल घालायचं नाही, म्हणून पुस्तिका बघाच. खोबरेल, गाडीचं ऑइल, ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे यातलं काहीही चालत नाही, पट्टा फुगतो नाहीतर चिकट होऊन धूळ धरतो. फक्त सिलिकॉन ऑइल.

पट्टा एका बाजूला सरकत असेल तर मागच्या रोलरचे दोन बोल्ट असतात, अ‍ॅलन कीने ते फिरवायचे. पट्टा डावीकडे गेला तर डावा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, उजवीकडे गेला तर उजवा, आणि मग एक-दोन मिनिटं रिकामी चालवून बघायची. एकदम पूर्ण फेरा मारायचा नाही. पाऊल टेकल्यावर पट्टा क्षणभर अडखळत असेल, चेन सैल झालेली बाईक झटके देते तसा, तर दोन्ही बोल्ट सारखे पाव फेरा आवळायचे. पण कोरड्या फळीवरही पट्टा असाच अडखळतो, म्हणून आधी तेल तपासायचं. खूप आवळलं तर रोलरचं बेअरिंग जातं, मधोमध कड दोन-तीन इंच उचलता येईल इतका सैलपणा राहायलाच हवा.

पुढचं झाकण वर्षातून दोनदा तरी उघडावं, प्लग काढून थोडा वेळ थांबून, कारण कार्डमधले वीज साठवणारे कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. आत केरसुणीने उडालेली धूळ, केस, आणि आपल्या घरांत हमखास मुंग्या नाहीतर पाल असते. पाल कार्डवर चिकटून शॉर्टसर्किट होतो, उंदीर वायर कुरतडतात. मऊ ब्रशने आणि व्हॅक्युम क्लिनरने हलक्या हाताने साफ करायचं, ओलं फडकं लावायचं नाही. खंडेनवमीला आपण गाड्या, मशीन पुसून हार घालतो, तेव्हाच हेही उरकून घ्यावं, पावसाळ्याची ओल नुकतीच संपत आलेली असते.

घरात लहान मुलं असतील तर सेफ्टी की (जी काढली की पट्टा चालतच नाही ती किल्ली) वापर झाल्यावर काढून वर ठेवायची. फिरत्या पट्ट्याला हात लागून मुलांना भाजल्यासारख्या जखमा होतात. २०२१ च्या मे महिन्यात पेलोटन या अमेरिकन कंपनीने तिकडे विकलेल्या सुमारे १,२५,००० ट्रेडमिल परत मागवल्या, मुलं मशीनखाली ओढली जाण्याचे प्रकार झाले होते आणि एका लहान मुलाचा जीव गेला होता. मागची बाजू भिंतीला चिकटवू नये, मागे दोनेक मीटर मोकळी जागा हवी, माणूस पडला तर मधे अडकत नाही.

सायकल आणि बाकीचं

चुंबकाने रेझिस्टन्स देणारी सायकल घेतली तर झिजायला काही नाही, फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरी कापडाचा, ब्रेक असलेल्या स्पिन बाईकचा तो तुकडा काही काळाने बदलावा लागतो. सायकलचा सगळ्यात कॉमन बिघाड म्हणजे डावं पेडल. त्याचे आटे उलटे असतात, ते उलट्या दिशेने आवळायचं असतं, आणि जोडणी करताना जबरदस्तीने सरळ फिरवलं की क्रँकचे, म्हणजे पेडल बसतं त्या दांड्याचे, आटेच खराब होतात, मग पेडल आधी कटकट वाजतं आणि एक दिवस निखळून येतं. पहिल्या आठवड्यात दोन्ही पेडल पुन्हा पान्याने आवळून घ्यावीत. डिस्प्लेचे पेन्सिल सेल महिनाभर वापर नसेल तर काढून ठेवावेत, सेल फुटून आतले कॉन्टॅक्ट खातात.

लेटेक्सचे बँड उन्हाने आणि उष्णतेने मरतात. ताणून उजेडात धरायचे, बारीक चिरा दिसल्या की टाकून द्यायचे, डोळ्याजवळ तुटलेला बँड फार वाईट लागतो. घाम पुसून, थोडी टाल्कम पावडर लावून बंद कपाटात ठेवावेत. मॅट गुंडाळण्याआधी पूर्ण वाळवावी, पण कडक उन्हात नाही, सावलीत.

गंजाचं गणित भागाप्रमाणे बदलतं. मुंबई, कोकण, गोव्यात खाऱ्या हवेने साधं क्रोम आणि कच्चं लोखंड एका पावसाळ्यात तांबूस होतं, तिथे रबरी आवरण असलेलंच घ्यावं. विदर्भात लोकांना वाटतं कोरडी हवा आहे, पण उन्हाळ्यात त्याच खोलीत कूलर लावतात आणि दोन-तीन महिने दमट वारं थेट प्लेट्सवर येतं. कोरड्या फडक्याने घाम पुसणं आणि रॉडवर शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवणं एवढं पुरतं. गंज आलाच तर पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड आणि वर रंग, पण रॉडच्या पकडायच्या जागेवर रंग नको, हात घसरतो. मुद्गलाला वर्षातून एकदा जवसाचं तेल चोळावं, मुठीजवळ तडा दिसला तर तो फिरवायचा नाही.

जुनं घेताना सगळ्यात आधी जोडाच्या वेल्डिंगजवळचा गंज बघा. ट्रेडमिल असेल तर मालकाच्या घरी वीसेक मिनिटं स्वतः चालून बघा, जळका वास, झाकण तापणं, पट्ट्याची खालची बाजू काचेसारखी चकाकणं, यातलं काही दिसलं तर फळी-पट्टा बदलायचा खर्च धरूनच भाव करा. मल्टिजिमची (केबलने वजनं ओढायच्या मोठ्या यंत्राची) केबल पूर्ण लांबीभर हाताने चाचपावी, वरचं प्लास्टिक फाटून आतली तार दिसत असेल तर केबल बदलल्याशिवाय एकही वजन ओढू नये. लोखंडी प्लेट्स मात्र कितीही जुन्या चालतात, वरचा रंग गेला तरी वजन तेच राहतं.