महागडा अनुभवी क्वार्टरबॅक की नवखा: जोखीम नेमकी कुठे असते?

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, अनुभवी असला तर खात्रीचा आणि कॉलेजमधून नुकताच आलेला नवखा असला तर जुगार, असं सर्रास बोललं जातं. मला ही मांडणीच पटत नाही. जोखीम दोघांतही असते. नवख्याची मैदानावर चारचौघांत दिसते, अनुभवी खेळाडूची मात्र कराराच्या कलमांत दडलेली असते.

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला सॅलरी कॅपची मर्यादा असते, आयपीएल लिलावातल्या पर्ससारखी. २०२४ साली ती २५.५४ कोटी डॉलर होती आणि त्यात पन्नासहून जास्त खेळाडू सांभाळायचे. एकट्या क्वार्टरबॅकने मोठा घास घेतला की बचाव फळीवरच्या खर्चात हात आखडता घ्यावा लागतो.

नवख्याचा पगार ड्राफ्टमधल्या (संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या निवडीतल्या) क्रमांकावरून जवळपास ठरलेला असतो. करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षी ठेवायचं की नाही, हे संघ ठरवतो. ही पद्धत २०११ ची. त्याआधी, २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता. पुढच्याच वर्षी त्याच क्रमांकावरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी साधारण २.२ कोटी. नवखा चालला तर संघाचं उखळ पांढरं होतं, ते या फरकामुळे.

रसेल विल्सन या एकाच क्वार्टरबॅकमध्ये दोन्ही बाजू बघायला मिळतात. २०१२ मध्ये सिअ‍ॅटलने त्याला तिसऱ्या फेरीत, ७५ व्या क्रमांकावर घेतलं. क्वार्टरबॅक इतका स्वस्त पडल्यामुळे २०१३ मध्ये मायकेल बेनेट आणि क्लिफ अ‍ॅव्हरिल या बचावपटूंना आणून बचाव आणखी भक्कम करता आला. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सिअ‍ॅटलने डेन्व्हरचा ४३-८ असा धुव्वा उडवला.

२०२२ मध्ये डेन्व्हरने याच विल्सनला आणलं आणि संघाकडून एकही सामना खेळण्याआधी पाच वर्षांसाठी २४.५ कोटींचा वाढीव करार दिला. दोन हंगामांत त्याला सोडावं लागलं. आगाऊ दिलेला बोनस हिशेबात पुढच्या वर्षांवर वाटलेला असतो. खेळाडू गेला की उरलेली रक्कम कॅपवर येऊन पडते. हमी दिलेला पगार चुकत नाही, तो वेगळाच. असा साडेआठ कोटींचा बोजा डेन्व्हरने दोन वर्षांत सोसला. त्या काळात परवडणारा क्वार्टरबॅक म्हणजे नवखाच. ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर आलेल्या बो निक्सचा चार वर्षांचा करार १.८६ कोटींच्या आसपास होता. त्याने पहिल्याच हंगामात संघाला प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, नेलं. अर्थात तो अगदी कोरा नव्हता, कॉलेजमध्ये ६१ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला होता. नवख्यांत मी आधी हेच बघेन.

अनुभवी खेळाडू घेऊच नये, असं मात्र नाही. डेन्व्हरनेच २०१२ मध्ये पेटन मॅनिंगला पाच वर्षांसाठी ९.६ कोटींना घेतलं, तेही मानेच्या शस्त्रक्रियांमुळे त्याचा आधीचा अख्खा हंगाम वाया गेलेला असताना. पण पूर्ण हमी फक्त पहिल्या वर्षाच्या १.८ कोटींची होती. मान साथ देते हे दिसल्यावरच पुढच्या दोन वर्षांची हमी लागू होणार होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच्यासोबत डेन्व्हरने सुपर बोल जिंकला.