कागद ए-फोर, सेटिंग लेटर : लिनक्सवरच्या छपाईमागची गोष्ट

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात गेल्या जत्रेआधी नाटकाची संहिता छापत होतो. संगणकावर उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, प्रिंटर जुना. पहिली प्रत घेऊन तालमीला उभा राहिलेला नट संवाद म्हणता म्हणता अडला. पानाच्या तळच्या दोन ओळी उमटल्याच नव्हत्या. ट्रेमध्ये ए-फोर कागद होता, 297 मिलिमीटर उंचीचा. सेटिंगमध्ये अमेरिकी लेटर, 279 मिलिमीटर. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:631, म्हणजे त्याच संगणकावरचं छपाईच्या सेटिंगचं पान, उघडलं, कागदाचं माप बदललं, आणि पुढची प्रत पूर्ण आली. ते 631 चं पान कुठून आलं, ते सांगायला हवं.

भारतात छापखाना पहिल्यांदा उतरला तो गोव्यातच, 1556 साली, जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात. तरीही 1616 मध्ये रायतूरला छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत निघालं. यंत्र दारात होतं, आपल्या अक्षरांचे खिळे नव्हते. छापणारं यंत्र आपल्या गरजेप्रमाणे वळवता येतं का, हा प्रश्न गोव्याला तेव्हापासूनचा आहे.

तोच प्रश्न 1980 च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना पडला. आधीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना निरोप जावा, अशी सोय त्यांनी प्रोग्राममध्ये स्वतः केली होती. नवा झेरॉक्स लेसर प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्या संशोधकाने गुप्ततेचा करार पुढे केला. हा नकार स्टॉलमन विसरले नाहीत. 1983 मध्ये त्यांनी जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येईल अशा प्रोग्रामांचा, प्रकल्प जाहीर केला. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ एका प्रिंटरपाशी अडली आणि तिथूनच उठली, असं मी मानतो.

पण लिनक्स ज्या घराण्यातलं, त्या युनिक्सवर प्रिंटर जोडणं मात्र बराच काळ जिकिरीचंच राहिलं. बर्कली विद्यापीठाची एलपीडी ही छपाईची व्यवस्था साध्या मजकुरासाठी घडवलेली. प्रिंटरची सगळी माहिती प्रिंटकॅप नावाच्या फायलीत हाताने लिहायची. ट्रे कोणता, दोन्ही बाजूंनी छापायचं का, हे विचारायची तिथे धड सोय नव्हती.

मायकल स्वीट या प्रोग्रामरने 1997 मध्ये कप्स या युनिक्ससाठीच्या नव्या छपाई-व्यवस्थेचं काम सुरू केलं आणि 1999 मध्ये ते लोकांसमोर आलं. पाया होता आयपीपी, म्हणजे इंटरनेटवरून छपाईचा नवा प्रोटोकॉल. त्याला नेमून दिलेला पोर्ट, म्हणजे संगणकातल्या दाराचा क्रमांक, 631, म्हणून कप्सचं पान उघडताना आपण आजही तोच आकडा टाइप करतो. अडोबीने आपली पोस्टस्क्रिप्ट ही पानं वर्णन करायची भाषा समजणाऱ्या प्रिंटरांसाठी काढलेल्या पीपीडी फायली कप्सने इतर प्रिंटरांनाही लावल्या. कागद, ट्रे, रंग, दर्जा, सगळे पर्याय त्या फायलीतून खिडकीत येऊ लागले. छपाईच्या खिडकीत दिसणारी ती लांबलचक यादी म्हणजे कुणीतरी एकेका मॉडेलसाठी बसून लिहिलेला मजकूर असतो. गुटेनप्रिंट आणि फूमॅटिक या प्रकल्पांतल्या स्वयंसेवकांनी असे ढिगाने प्रिंटर लिनक्सवर आणले. त्यांचे उपकार आमच्यासारख्या वाचनालयांवर आहेत.

2002 मध्ये ॲपलने मॅकमध्ये कप्स घेतलं, 2007 मध्ये त्याचा कोडच विकत घेतला आणि स्वीट यांनाही नोकरीत घेतलं. 2019 च्या अखेरीस ते ॲपलमधून बाहेर पडले. पुढच्या वर्षापासून ओपनप्रिंटिंग या गटाने कप्सची स्वतंत्र शाखा सांभाळायला घेतली. परवाना खुला होता, म्हणूनच हे जमलं.

आता पीपीडीचे दिवस संपत आलेत. नवे प्रिंटर आपले पर्याय आयपीपीवरून स्वतःच सांगतात, ड्रायव्हर, म्हणजे त्या मॉडेलपुरता जोडणीचा प्रोग्राम, लागत नाही. कप्सच्या तिसऱ्या आवृत्तीत पीपीडीला जागा नसेल. जुन्यांसाठी ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ नावाचा छोटा प्रोग्राम मध्ये बसतो आणि जुन्या यंत्राला नव्या प्रिंटरसारखं बोलायला लावतो. वाचनालयातला आमचा प्रिंटर त्याच वाटेने जाणार आहे. पुढच्या जत्रेच्या संहितेआधी ती जोडणी करून, ए-फोरची एक प्रत काढून, तळच्या ओळी मोजून बघायच्या आहेत.