तिघांत एक थापाड्या असला तर

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेली व्यवहारांची वही. तिच्यातल्या कन्सेन्ससचं, म्हणजे सगळ्यांचं एकमत होण्याच्या पद्धतीचं, मूळ शोधत मागे गेलं की पैसा नाही, विमान सापडतं. १९७०च्या दशकात नासाच्या पैशातून कॅलिफोर्नियातली एसआरआय ही संस्था विमान नियंत्रणासाठी संगणक जुळवत होती. एक बिघडला तर बाकीच्यांनी सांभाळायचं, असा बेत. पण बंद पडलेला संगणक परवडला. ह्याला एक आणि त्याला भलतंच सांगणारा महागात पडतो.

कोथरूडच्या कुठल्याही अमृततुल्यात हे पटवता येईल. रविवारी सिंहगडाचा बेत, मित्र तिघं, ठरवाठरवी फोनवर. पहिल्याने तिसऱ्याला ‘पाच’ सांगितलं. दुसरा तिसऱ्याला म्हणतो, “मला तर सहा म्हणाला!” आता थाप कोणाची, पहिल्याची की दुसऱ्याची? तिसऱ्याने कितीही डोकं खाजवलं तरी कळणार नाही. चौथा असता तर त्याला विचारून बहुमत तरी निघालं असतं. त्याच एसआरआयमधल्या पीझ, शोस्टाक आणि लॅम्पोर्ट यांनी १९८०मध्ये हेच गणिताने सिद्ध केलं: एका थापाड्याला पुरून उरायला किमान ४ जण हवेत, दोघांना ७. ‘बायझंटाईन सेनापती’ हे या कोड्याचं नाव १९८२चं. नाव भारदस्त, दुखणं सिंहगडाचंच.

१९८५मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन या संगणकशास्त्रज्ञांनी विरजण घातलं. निरोप कधी पोचेल याला काही धरबंधच नसेल आणि एखादं यंत्र बंद पडू शकत असेल, तर नशिबावर काहीच न सोडणारी कुठलीही पद्धत निर्णयाची हमी देऊ शकत नाही. पुढची वाट ‘नेटवर्क कधी ना कधी ताळ्यावर येतं’ असं धरून निघाली. १९९९मध्ये कास्त्रो आणि लिस्कोव्ह यांनी एमआयटीत ती व्यवहारात उतरवली: म्होरक्या प्रस्ताव मांडतो, मग मतांच्या दोन फेऱ्या, आणि म्होरक्याच अडून बसला तर नवा म्होरक्या. मात्र प्रत्येकाने प्रत्येकाला कळवायचं म्हटल्यावर १०० यंत्रांत एका फेरीला दहा हजारांच्या घरात निरोप जातात.

२००८मध्ये बिटकॉइन मांडणाऱ्या नाकामोतोने डोकी मोजणंच सोडलं आणि खर्ची पडलेली गणनशक्ती मोजली. खोटी खाती काढून उपयोग नाही. पण व्यवहार पक्का झाला असं छातीठोकपणे कधीच म्हणता येत नाही.

२०१४च्या टेंडरमिंट या ब्लॉकचेन-पद्धतीने मतदान परत आणलं, मताचं वजन मात्र गुंतवलेल्या नाण्यांवर. दोन तृतीयांशांहून जास्त मतं पडली की ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, कायमचा. एक तृतीयांश वजन गप्प झालं, तर साखळी जागीच थांबते. बिटकॉइन तेव्हाही रेटत राहिलं असतं. मला थांबलेली परवडते.