सुयांच्या दवाखान्यात जाण्याआधी

मिरजेत गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलेला माणूस घरी आला की चार दिवसांत कुणीतरी म्हणतंच, "आधी सुया करून बघा की." सुया म्हणजे अॅक्युपंक्चर. आमच्या सांगलीच्या मावशीला शेजारणीने तेच सांगितलं. वर पुस्ती जोडली, "पाच हजार वर्षांची विद्या आहे, साइड इफेक्ट काही नाही." या दोन वाक्यांचा माग काढत गेलं, की नव्या पेशंटला जे ठाऊक असायला हवं त्यातलं बरंच हाती लागतं.

पाच हजाराचा आकडा फुगवलेला आहे. चीनमध्ये मावांगद्वे इथं १९७३ साली एक थडगं उकरलं, इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेलं. त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ निघाले. अंगातल्या वाहिन्यांचं वर्णन त्यांत आहे, पण उपचार सुईचा नाही, डागण्याचा. सुयांचं सविस्तर शास्त्र येतं ते त्यानंतर संकलित झालेल्या 'ह्वांगदी नेइचिंग' या ग्रंथात. म्हणजे दोन हजार वर्षं धरा. तेही थोडंथोडकं नाही.

मूळ चिनी शब्दातच सुई आणि डाग असे दोन्ही आहेत: चन-च्यू. १६८३ साली टेन राइने नावाच्या डच डॉक्टराने त्याचं लॅटिनमधून 'अॅक्युपंक्चर' केलं आणि अर्धा शब्द गळून पडला. गळालेला भाग म्हणजे मॉक्सा. एका वनस्पतीची वाळलेली पानं कापसासारखी मऊ चोळून त्याची कांडी करतात आणि ती पेटवून त्वचेजवळ धरतात. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली, जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्या. कंबर धरली की बिब्बा घालणारे, डाग देणारे आपल्याकडेही होतेच. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर मात्र मॉक्साआधी सांगावं. पोळलेलं कळत नाही.

मला या इतिहासातला सगळ्यात आवडता प्रसंग परीक्षेचा आहे. १०२७ च्या सुमारास वांग वेइई या दरबारी वैद्याने माणसाएवढे पोकळ कांस्यपुतळे घडवून घेतले. अंगावर जागोजाग बिंदूंची भोकं. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा थर द्यायचा, आत पाणी भरायचं आणि विद्यार्थ्याच्या हातात सुई द्यायची. सुई बरोबर जागी गेली तर पाणी बाहेर येणार, चुकली तर नाही. इतकी रोखठोक प्रात्यक्षिक परीक्षा आपल्या कुठल्या कॉलेजात होते?

पुढे हीच विद्या पडत्या काळात गेली. १८२२ मध्ये चिनी बादशहाने शाही वैद्यसंस्थेतून तिला काढून टाकलं. विसाव्या शतकात चंग दान-आन या वैद्याने तिला नवं रूप दिलं: जाडसर सुयांच्या जागी केसासारख्या बारीक सुया आणल्या आणि रक्तवाहिन्यांच्या फार जवळचे बिंदू जरा बाजूला सरकवले. १९५० नंतर माओच्या सरकारला खेडोपाडी पुरणारं स्वस्त वैद्यक हवं होतं, म्हणून निरनिराळ्या परंपरा एकत्र करून अभ्यासक्रम बांधला गेला. मावशीच्या गुडघ्यात जाणारी सुई पुरातन नाही, शंभर वर्षांच्या आतली आहे. आणि ते चांगलंच आहे. ती साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते, एकदाच वापरायची. पाकीट आपल्यासमोर फोडतात का, एवढं बघावं.

भारतात ही विद्या डॉ. कोटणीसांनी आणली असं पुष्कळांना वाटतं. त्यांचं सोलापूर आपल्या शेजारचं, म्हणून आपल्याकडे जरा जास्तच. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत द्वारकानाथ कोटणीस होते, पण ते सर्जन होते आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच वारले. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुयांचं तंत्र शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. केंद्र सरकारने अॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली २०१९ मध्ये. महाराष्ट्रात तर त्यासाठी वेगळा कायदा आहे. तेव्हा नोंदणी विचारायला संकोच कसला?

गुण किती येतो? जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेली चाचणी २००७ मध्ये छापून आली. खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के लोकांना फरक पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या खोट्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. यातून सुयांचा भक्तही खूश होतो आणि टीकाकारही. मी यातून एवढंच घेतो की दुखण्यावर करून बघायला हरकत नाही. झिजलेली कूर्चा भरून येईल असं कुणी म्हणालं तर उठून यावं.

चिनी काढे-चूर्णांची गोष्ट निराळी. आयुषमध्ये आयुर्वेद, युनानी, सिद्ध, तिबेटी सोवा-रिग्पा आहेत. चिनी वैद्यक नाही. औषधं खोटी आहेत असा याचा अर्थ नाही. चौथ्या शतकातल्या ग हुंगच्या ग्रंथात तापावर चिंगहाव नावाची वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस घ्यायला सांगितलं आहे. उकळायला सांगितलेलं नाही, हे तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी हेरलं. त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन निघालं आणि २०१५ चं नोबेल आलं. ही वनस्पतीही दवण्याच्याच कुळातली!

दुसरी बाजू ब्रुसेल्सची. तिथं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी नावाने जवळची दुसरीच मुळी गेली आणि शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. ती दुसरी मुळी आपल्या सापसंदाच्या जातकुळीतली. दानशेन ही मुळी तर रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनसोबत घेतली की रक्तस्राव वाढवते.

मावशी वॉर्फरिनवरच आहे. दवाखान्यात तिने गोळ्यांची चिठ्ठी आधी पुढे केली. सुया टोचल्या, जड जड वाटलं, मुंग्या आल्या. ते अपेक्षितच असतं म्हणाले. शेवटी चूर्णाची पुडी निघाली. तिने घटक वाचून दाखवायला सांगितलं. पहिलंच नाव च्यांगह्वांग, म्हणजे हळद. हरिपूरच्या हळदीच्या पेवांजवळ वाढलेली मावशी हसली. तिसरं नाव दानशेन निघालं, तेव्हा पुडी तिने टेबलावरच ठेवली.