एक भिंत कोळशी करताना

शेड कार्डावर बोटाएवढ्या चौकोनात कोळशी राखाडी रंग भारदस्त दिसतो. तोच भिंतभर लावला की संध्याकाळी खोली विझल्यासारखी वाटते. आमच्या हॉलमध्ये नेमकं हेच झालं, आणि कारण शोधताना गाठ पडली एका सोप्या गणिताशी.

पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइडचे बारीक कण असतात. ते प्रकाश जवळजवळ शोषतच नाहीत, चहूकडे उधळून देतात. कोळशी छटेसाठी कार्बन ब्लॅक मिसळतात, म्हणजे कारखान्यात तयार केलेली काजळीच. ती सगळ्याच रंगांचा प्रकाश गिळते. चांगली पांढरी भिंत ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत देते, गडद कोळशी जेमतेम १० टक्के.

पण प्रकाश एकदा आदळून थांबत नाही. तो भिंतीवरून छतावर, छतावरून फरशीवर उसळत राहतो. सगळे पृष्ठभाग ८० टक्के परत देणारे धरले, तर १ भाग प्रकाशाचे पुढे ०.८, मग ०.६४, अशी भर पडत एकूण ५ भाग होतात. आता १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच, रिकामी खोली घ्या. तिची १० फुटी एकच भिंत कोळशी केली तर ते ५ भाग साधारण ३.३ वर येतात. पृष्ठभाग बदलला सातवा हिस्सा, उजेड गेला एक तृतीयांश! चारही भिंती रंगवल्या तर उरतात दीड भाग. म्हणून खिडकीसमोरची भिंत मी तरी कोळशी करणार नाही. खिडकीतून आलेला उजेड खोलीत परत फिरवण्याचं मोठं काम तीच करते.

गडद भिंतीने खोली तापते, ही भीती मात्र सोडून द्या. दिव्याच्या प्रकाशाची बहुतेक सारी उष्णता शेवटी खोलीतच होते, भिंत पांढरी असो की काळी. उन्हात तापणाऱ्या बाहेरच्या भिंतीची गोष्ट वेगळी.

खरा त्रास चकाकीचा. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के रंगाच्या वरच्या थरावरूनच परततो. पांढऱ्या भिंतीवर हे कळतही नाही. कोळशी भिंत मुळात देते १० टक्के, तिथे हे ४ डोळ्यांत भरतात. दिवा भिंतीला चिकटून असेल तर पुट्टीचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. मॅट रंग ही चकाकी पसरवून टाकतो, म्हणून इथे तोच बरा. मात्र खुर्चीची पाठ जिथे सतत घासते तिथे तो जुन्या पाटीसारखा तुकतुकीत होतो.

शिवाय शेजारचे रंग. पॅरिसच्या गोबलँ या चित्रपट विणणाऱ्या, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं करणाऱ्या कारखान्यात निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारचा काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार होती. रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी तपासलं, तर दोष रंगाईत नव्हता. शेजारचा रंग डोळ्याला फसवत होता. याच विषयावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ साली आला. सागवानी कपाटाशेजारी आमची राखाडी भिंत निळसर वाटते, ती याचमुळे.

म्हणून रंगाऱ्याला होकार देण्याआधी दोन फुटी प्लायवर रंगाचे दोन हात द्या. फळी कपाटाशेजारी उभी करा. सकाळी बघा, रात्री पिवळ्या दिव्याखाली बघा, आणि एकदा भिंतीला गाल लावून तिरप्या नजरेनेही बघा.